कोणत्या हक्कासाठी फुटली ती राज्ये?

२०२३ च्या डिसेंबरात न्यू हॅम्पशायरमधील एका प्रचारसभेत निक्की हेली यांना एका श्रोत्याने विचारले की, अमेरिकेतील यादवी युद्धाचे कारण काय होते? हेली या साउथ कॅरोलायनाच्या माजी राज्यपाल, म्हणजे १८६० मध्ये संघराज्यातून सर्वांत आधी बाहेर पडलेल्या राज्याच्या. सरकार कसे चालावे, लोकांना काय करण्याची मोकळीक असावी, अशा आशयाचे उत्तर त्यांनी दिले. त्यात गुलामगिरीचा उल्लेख नव्हता. टीका झाल्यावर दुसऱ्या दिवशी, युद्ध अर्थातच गुलामगिरीवरून झाले, असा खुलासा त्यांनी केला. टेक्सासच्या शालेय अभ्यासक्रमातही २०१८ च्या बदलापूर्वी युद्धाची कारणे प्रादेशिकवाद, राज्यांचे हक्क आणि गुलामगिरी या क्रमाने मांडलेली होती. तिथल्या मराठी घरांतली मुलेही तोच क्रम शिकत होती. आपल्याकडे केंद्र आणि राज्ये यांच्या संबंधांवर वाद रंगला की कोणीतरी अमेरिकेचा दाखला देतो आणि मग ठरलेली दोन विधाने समोरासमोर येतात. एक बाजू म्हणते, युद्ध गुलामांच्या मुक्तीसाठी झाले. दुसरी बाजू तेव्हाचे अध्यक्ष लिंकन यांची पत्रे काढून दाखवते आणि म्हणते, त्यांना तर संघराज्य टिकवायचे होते, तेव्हा गुलामगिरी हे निमित्त आणि राज्यांचे हक्क हे कारण.

हा वाद असा घातला जातो म्हणूनच तो सुटत नाही. यात दोन वेगळे प्रश्न एकमेकांत मिसळलेले आहेत. राज्ये का फुटली, हा एक प्रश्न. राज्ये फुटल्यावर युद्ध का पेटले, हा दुसरा. जो घर सोडून जातो त्याचा हेतू आणि जो त्याला अडवतो त्याचा हेतू एकच असला पाहिजे, असे कोणी ठरवले? लिंकन कशासाठी लढले हे सांगून, फुटलेल्या राज्यांनी दक्षिणेत उभारलेल्या नव्या राष्ट्राचे अध्यक्ष जेफर्सन डेव्हिस कशासाठी वेगळे झाले हे सिद्ध होत नाही. माझे म्हणणे असे: दक्षिणेतील राज्ये गुलामगिरीच्या रक्षणासाठी फुटली, आणि त्यांनी ते लपवलेही नव्हते. युद्ध मात्र यामुळे पेटले की, लिंकन जिंकले त्या १८६० च्या रीतसर झालेल्या निवडणुकीत हरलेल्या पक्षाने निकाल मानण्याऐवजी देशच मोडायला काढला आणि जिंकलेल्या पक्षाने तो मोडू द्यायला नकार दिला. पहिल्याशिवाय दुसरे घडले नसते; पण पहिले झाले म्हणजे दुसरे होणारच होते, असेही नव्हते.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर शोधायला फार खोल जावे लागत नाही, कारण फुटणाऱ्यांनी ते स्वतः लिहून ठेवले आहे. २० डिसेंबर १८६० रोजी चार्ल्सटन येथे साउथ कॅरोलायनाच्या अधिवेशनाने १६९ विरुद्ध शून्य मतांनी संघराज्य सोडले. चारच दिवसांनी त्याच अधिवेशनाने कारणांचे जाहीर निवेदन मंजूर केले. ते निवेदन राज्यांच्या हक्कांच्या तात्त्विक चर्चेने सुरू होते हे खरे, पण प्रत्यक्ष तक्रारीवर आल्यावर त्याचा रोख कोणावर आहे हे पाहण्यासारखे आहे. तो मुख्यतः उत्तरेतील राज्यांवर आहे. मेन, व्हरमाँट, मॅसॅच्युसेट्स, विस्कॉन्सिन अशी एकेका राज्याची नावे घेऊन त्यात म्हटले आहे की, पळून आलेले गुलाम परत करण्याची घटनात्मक जबाबदारी ही राज्ये टाळतात. आणि न्यूयॉर्कमध्ये तर गुलामांना घेऊन नुसते वाटेने जाण्याचा हक्कही तिथल्या न्यायालयांनी नाकारला आहे.

न्यूयॉर्कच्या या उल्लेखामागे एक खटला आहे. १८५२ च्या नोव्हेंबरात व्हर्जिनियातील लेमन नावाचे एक जोडपे टेक्सासला निघाले होते. बोट बदलण्यासाठी ते न्यूयॉर्कला उतरले. त्यांच्याबरोबर आठ गुलाम होते, त्यांत लहान मुलेही होती. लुई नेपोलियन नावाच्या एका स्वतंत्र कृष्णवर्णीय माणसाला याचा सुगावा लागला आणि त्याने न्यायालयात बंदी-प्रत्यक्षीकरणाचा, म्हणजे डांबलेल्या माणसांना न्यायालयापुढे हजर करण्याचा, अर्ज केला. न्यूयॉर्कच्या कायद्यात गुलामगिरी नाही, म्हणून या भूमीवर पाऊल ठेवलेली ही माणसे मोकळी आहेत, असा निकाल न्यायाधीशांनी दिला आणि ती आठ माणसे निघून गेली. व्हर्जिनिया राज्याने स्वतः पुढे होऊन हे प्रकरण अपिलात नेले. १८६० मध्ये न्यूयॉर्कच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने मूळ निकाल कायम केला. आता राज्यांच्या हक्कांचा प्रश्न असेल, तर या खटल्यात हक्क कोणत्या राज्याचा होता? आपल्या हद्दीत कोणता कायदा चालावा हे न्यूयॉर्कने ठरवले, आणि नेमके तेच साउथ कॅरोलायनाने संघराज्य सोडण्याचे एक कारण म्हणून नोंदवले.

हे एकच उदाहरण नाही. १८५० च्या पलायित गुलाम कायद्याने केंद्र सरकारला राज्यांच्या हद्दीत जेवढा शिरकाव मिळवून दिला, तेवढा त्याआधी क्वचितच कोणत्या कायद्याने दिला असेल. पकडलेल्या माणसाला ज्यूरी नाही, स्वतःच्या बाजूने साक्ष देण्याची मुभा नाही. केंद्राने नेमलेला कमिशनर निकाल देणार, आणि माणूस मालकाच्या स्वाधीन केला तर त्याची फी दहा डॉलर, सोडून दिला तर पाच. आसपासच्या नागरिकांना पकडापकडीत मदत करण्याची सक्ती. विस्कॉन्सिनमध्ये १८५४ साली जोशुआ ग्लोव्हर या पळून आलेल्या गुलामाला जमावाने तुरुंगातून सोडवले, त्यावरून शर्मन बूथ या संपादकावर खटला झाला, आणि त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने हा कायदाच घटनाबाह्य ठरवला. राज्याच्या हक्काचा याहून ठळक वापर कोणता? १८५९ मध्ये देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने, मुख्य न्यायाधीश टॉनी यांच्या न्यायालयाने, विस्कॉन्सिनला झिडकारले, तेव्हा दक्षिणेला राज्याच्या सार्वभौमत्वाची आठवण झाली नाही. १८६० च्या एप्रिलमध्ये डेमोक्रॅटिक पक्षाच्या चार्ल्सटन अधिवेशनातून दक्षिणेचे प्रतिनिधी उठून गेले. अजून राज्ये न झालेल्या नव्या प्रदेशांत गुलामगिरीला केंद्राने संरक्षण द्यावे, ही त्यांची मागणी पक्षाने मान्य केली नव्हती. केंद्राची सत्ता वाढवण्याची मागणी फेटाळली गेली म्हणून जे पक्ष फोडतात, ते केंद्राच्या सत्तेला कंटाळून देश फोडतात, हे पटण्यासारखे नाही. राज्यांचा हक्क हे दक्षिणेचे तत्त्व नव्हते, हत्यार होते. गुलामगिरीच्या बाजूने चालेल तेव्हा ते उपसायचे, विरुद्ध चालेल तेव्हा म्यान करायचे.

विरोधी बाजूकडे वजनदार मुद्दे नाहीत असे मात्र नाही. आयात शुल्काचा मुद्दा घ्या. दक्षिण कापूस परदेशी पाठवी आणि तयार माल बाहेरून घेई. उत्तरेतील कारखानदारांना संरक्षण हवे होते. त्यामुळे चढ्या शुल्काचा भार दक्षिणेला जास्त जाणवे. ही तक्रार खरी होती आणि जुनी होती. १८३२ साली साउथ कॅरोलायनाने केंद्राचा शुल्क कायदा आपल्या राज्यात रद्दबातल ठरवला होता आणि अध्यक्ष जॅक्सन यांनी बळ वापरण्याची तयारी दाखवली होती. पण तेव्हा काय झाले ते पाहा. दक्षिणेतील एकही राज्य साउथ कॅरोलायनाच्या पाठीशी उभे राहिले नाही. पुढच्या वर्षी शुल्क टप्प्याटप्प्याने कमी करण्याची तडजोड झाली आणि प्रकरण मिटले. याउलट १८६०-६१ च्या हिवाळ्यात सहा आठवड्यांत सात राज्ये बाहेर पडली, तीही अशा वेळी जेव्हा १८५७ च्या कायद्याने शुल्क खाली आलेले होते. ज्या वाढीव शुल्काकडे बोट दाखवले जाते तो मॉरिल कायदा मार्च १८६१ मध्ये मंजूर झाला, आणि मंजूर होऊ शकला तो फुटलेल्या राज्यांचे बहुतेक सिनेटर आपल्या खुर्च्या सोडून गेले होते म्हणून. परिणामाला कारण म्हणता येत नाही. शुल्कावर तडजोड होते, कारण तो आकड्यांचा व्यवहार आहे. माणूस मालमत्ता आहे की नाही, यावर मधला आकडा सापडत नाही.

दुसरा मुद्दा अधिक मानवी आहे. दक्षिणेच्या सैन्यात लढलेल्या बहुसंख्य शिपायांकडे एकही गुलाम नव्हता. गुलाम बाळगणारी गोरी कुटुंबे साधारण चारांत एक होती. मग उरलेले तिघे कोणासाठी मेले? आपले गाव, आपली शेती, आपले भाऊबंद यांच्यासाठी ते लढले असतील, आणि त्यांच्या त्या भावनेला खोटे म्हणण्याचे कारण नाही. परंतु फुटण्याचा निर्णय शिपायांनी घेतलेला नव्हता. तो अधिवेशनांनी घेतला आणि तिथे मळेवाल्यांचा आणि त्यांच्या वकिलांचा शब्द चालत होता. शिवाय गरीब गोऱ्याचा गुलामगिरीशी संबंध नव्हता हेही खरे नाही. जॉर्जियाचे राज्यपाल जोसेफ ब्राउन यांनी १८६० च्या डिसेंबरात जाहीर पत्र काढून नेमके त्याच माणसाला उद्देशून सांगितले की, गुलाम मोकळे झाले तर मजुरीला तुझ्याशी स्पर्धा करतील आणि तुझ्या बरोबरीला येऊन बसतील. ज्याच्याजवळ जमीन नाही, पैसा नाही, त्याच्याजवळ निदान आपल्या खाली कोणीतरी आहे एवढे भांडवल असते. जातिव्यवस्थेत वाढलेल्या मराठी वाचकाला हे समजावून सांगण्याची गरज पडू नये. उतरंडीत सर्वांत खालून दुसऱ्या पायरीवर उभा असलेला माणूस ती उतरंड टिकवण्यासाठी किती त्वेषाने लढतो, हे आपण आपल्या गावांत पाहिलेले आहे.

सर्वांत भक्कम आक्षेप तिसरा आहे आणि तो टाळून पुढे जाणारे लेखन प्रामाणिक म्हणता येणार नाही. लिंकन यांनी वारंवार सांगितले होते की, जिथे गुलामगिरी आहे तिथे तिला हात लावण्याचा त्यांचा हेतू नाही आणि तसा अधिकारही त्यांना नाही. १८६१ च्या मार्चच्या सुरुवातीला काँग्रेसच्या दोन्ही सभागृहांनी कॉर्विन घटनादुरुस्ती मंजूर केली होती. राज्यांतील गुलामगिरीत केंद्राने कधीही हस्तक्षेप करू नये, असे ती सांगत होती, आणि लिंकन यांनी शपथविधीच्या भाषणात तिला आपली हरकत नसल्याचे म्हटले. जॉर्जियाचे अलेक्झांडर स्टीफन्स यांनी तर नोव्हेंबर १८६० मध्येच आपल्या लोकांना बजावले होते की, माणूस घटनेप्रमाणे निवडून आला आहे, दोन्ही सभागृहे त्याच्या विरोधात आहेत, तो एकटा काय करू शकतो? सर्वोच्च न्यायालयही दक्षिणेला अनुकूल होते. मग गुलामगिरी सुरक्षित असताना गुलामगिरीसाठी फुटण्याचे कारणच काय उरले?

कारण होते, आणि ते उद्याचे होते. हितसंबंध फक्त आज सुरक्षित असून भागत नाही. तो उद्याही सुरक्षित राहील असा भरवसा लागतो. १८६० च्या शिरगणतीत गुलामांची संख्या ३९ लाखांच्या वर होती आणि देशाच्या निर्यातीचा निम्म्याहून अधिक भाग कापसाचा होता. ही मालमत्ता टिकायची तर तिला पसरायला नवी जमीन हवी होती, आणि लिंकन यांनी नेमके तेच दार बंद केले होते. विस्ताराच्या प्रश्नावर ते शेवटपर्यंत हटले नाहीत. नवी राज्ये सगळी गुलामगिरीमुक्त होणार म्हणजे सिनेटमधला तोल कायमचा गेला, आणि एक ना एक दिवस घटनाच बदलण्याइतकी राज्ये त्या बाजूला जमणार. दुसरे म्हणजे नेमणुकांचा अधिकार. गावोगावचे पोस्टमास्तर, बंदरांवरचे कस्टम्स अधिकारी, केंद्रीय न्यायाधीश हे सारे अध्यक्ष नेमत असे. १८३५ साली गुलामगिरीविरोधी पत्रके टपालाने चार्ल्सटनला आली, तेव्हा जमावाने टपाल कचेरीत घुसून ती उचलली आणि जाळली; त्यानंतर दक्षिणेतील पोस्टमास्तर असला मजकूर वाटतच नसत. लिंकन यांच्या रिपब्लिकन पक्षाचा पोस्टमास्तर आला की तो वाटणार. ती पत्रके वाचून, गुलाम नसलेल्या गोऱ्यांमध्येच त्या पक्षाची शाखा निघाली तर? डेलावेअरमध्ये गुलामांची संख्या दोन हजारांच्याही खाली आली होती. सीमेवरची राज्ये एकेक करून निसटत जाणार ही भीती काल्पनिक नव्हती. दक्षिणेतील पुढाऱ्यांना गुलामगिरी उद्या सकाळी बंद होईल असे वाटत नव्हते. आपल्या घरातच तिच्याविरुद्ध मत तयार होईल, याची त्यांना धास्ती होती. म्हणून लिंकन पदावर येण्याआधीच, आपले लोक एकजुटीने उभे आहेत तोवरच, त्यांना बाहेर पडायचे होते. हा गुलामगिरीचा संबंध नसल्याचा पुरावा होत नाही. तो संबंध किती खोल होता, याचाच तो पुरावा आहे.

आता दुसरा प्रश्न: युद्ध का? फुटण्याचा निर्णय आणि पहिला तोफगोळा यांच्यात जवळजवळ चार महिन्यांचे अंतर आहे. त्या काळात पदावर असलेले अध्यक्ष ब्यूकॅनन यांनी काँग्रेसला सांगितले की, राज्यांना फुटण्याचा अधिकार नाही, पण त्यांना बळाने रोखण्याचा अधिकार केंद्रालाही नाही. अशी दोन्ही टोके सोडून दिलेली सत्ता म्हणजे पोकळी, आणि त्या पोकळीत दक्षिणेतील राज्यांनी एकामागून एक शस्त्रागारे, किल्ले आणि कस्टम्स कचेऱ्या ताब्यात घेतल्या. शेवटी वाद येऊन थांबला तो चार्ल्सटनच्या बंदरातील सम्टर किल्ल्यावर. केंद्राच्या सैन्यातले मेजर अँडरसन आणि त्यांची छोटी तुकडी तिथे होती. धान्य एप्रिलच्या मध्यापर्यंत पुरण्यासारखे होते. लिंकन यांनी साउथ कॅरोलायनाच्या राज्यपालांना आगाऊ कळवले की, फक्त शिधा पाठवत आहोत. विरोध झाला नाही तर माणसे किंवा दारूगोळा उतरवणार नाही. १२ एप्रिल १८६१ रोजी पहाटे साडेचारला दक्षिणेच्या तोफा सुरू झाल्या. ३४ तासांच्या त्या भडिमारात एकही माणूस मेला नाही. पुढच्या चार वर्षांत ६ लाखांहून अधिक मेले.

लिंकन यांनी दक्षिणेला पहिली गोळी झाडायला लावली, असा आरोप केला जातो. शिधा पाठवण्याची वेळ आणि पद्धत त्यांनी विचारपूर्वक निवडली होती हे मान्य करावे. पण किल्ला सोडून द्यायचा नसेल आणि आपणहून लढाईही सुरू करायची नसेल, तर याखेरीज कोणता मार्ग होता? निवड डेव्हिस यांच्या हातात होती आणि ती त्यांनी केली. त्यांना घाई का होती, याचे उत्तर व्हर्जिनियात सापडते. ४ एप्रिलला व्हर्जिनियाच्या अधिवेशनाने फुटण्याचा ठराव जवळजवळ दोनास एक अशा मतांनी फेटाळला होता. सम्टरनंतर लिंकन यांनी ७५ हजार स्वयंसेवक मागवले आणि १७ एप्रिलला तेच अधिवेशन ८८ विरुद्ध ५५ मतांनी फुटले. मागोमाग आर्कन्सॉ, नॉर्थ कॅरोलायना आणि टेनेसी. या चार राज्यांपुरता, केंद्राच्या बळजबरीचा संताप हे तात्कालिक कारण होते, असे म्हणणाऱ्यांशी माझे भांडण नाही. परंतु डेलावेअर, मेरीलँड, केंटकी आणि मिझुरी ही गुलामगिरी असलेली चार राज्ये याच संतापाच्या काळात संघराज्यात राहिली. गुलामांचे प्रमाण जिथे जास्त, तिथे फुटण्याची घाई जास्त. जिथे कमी, तिथे चालढकल. आणि जिथे आणखी कमी, तिथे राहणे. हा क्रम योगायोगाने जुळत नाही.

युद्ध पेटण्यात चुकलेल्या हिशेबाचाही मोठा वाटा होता. ७५ हजार स्वयंसेवक तीन महिन्यांसाठीच मागवले होते. दक्षिणेला वाटत होते की, कापसावाचून इंग्लंडच्या गिरण्या थांबतील आणि इंग्लंडला आपल्या बाजूने यावेच लागेल. साउथ कॅरोलायनाचे सिनेटर हॅमंड यांनी १८५८ मध्ये कापूस हाच राजा आहे असे भर सभागृहात सांगितले होते. प्रत्यक्षात लँकेशायरचे व्यापारी मुंबईकडे वळले, खानदेश-वऱ्हाडातील कापसाला सोन्याचा भाव आला, मुंबईत शेअर बाजाराची लाट उसळली आणि युद्ध संपताच १८६५ मध्ये ती कोसळली. दोन्ही बाजूंना समोरच्याची जिद्द आधी कळली असती, तर कदाचित दोघेही एप्रिलमध्ये थांबले असते.

मग राज्यांना फुटण्याचा हक्क होता की नव्हता? कायद्याच्या अंगाने १८६० मध्ये हा प्रश्न खुला होता, हे कबूल केले पाहिजे. घटना याबाबत मौन होती. १८१४-१५ मध्ये न्यू इंग्लंडच्या राज्यांतही फुटण्याची भाषा झाली होती आणि गॅरिसन यांच्यासारखे कडवे गुलामगिरीविरोधक स्वतःच दक्षिणेशी काडीमोड मागत होते. शिवाय ज्या देशाचा जन्मच १७७६ च्या फुटण्यातून झाला, तो हा हक्क सरसकट कसा नाकारणार? पण हक्काचा विचार करताना, तो कोण बजावतो आहे हे विचारावेच लागते. साउथ कॅरोलायनाच्या लोकसंख्येत निम्म्याहून अधिक माणसे गुलाम होती, मिसिसिपीतही तसेच. १६९ विरुद्ध शून्य हा जो एकमुखी ठराव झाला, त्यात राज्यातील बहुसंख्य माणसांना मत तर नव्हतेच. ती माणसेच त्या ठरावाचा विषय होती. याला जनतेचा स्वयंनिर्णय म्हणायचे, तर जनता या कल्पनेतून बहुसंख्य जनता वगळावी लागते. आणि दक्षिणेने स्वतः हा हक्क कोणाला दिला? पूर्व टेनेसीतील डोंगराळ मुलखात संघराज्यनिष्ठांचे बहुमत होते. त्यांनी १८६१ च्या जूनमध्ये ग्रीनव्हिल येथे जमून आपल्याला टेनेसीतून वेगळे होऊ द्यावे असा अर्ज केला. त्यांच्याकडे फौज पाठवली गेली. दक्षिणेच्या नव्या घटनेतही सदस्य राज्यांना बाहेर पडण्याचा हक्क लिहिलेला नव्हता. गुलामांवरील मालकी हक्काला बाधा आणणारा कायदा करता येणार नाही, हे मात्र स्पष्ट लिहिलेले होते.

अमेरिकेची १८६० सालची दक्षिण आणि १९७१ सालचा पूर्व पाकिस्तान शेजारी ठेवून पाहा. १९७० च्या डिसेंबरातील निवडणुकीत अवामी लीगने राष्ट्रीय सभेच्या ३०० जागांपैकी १६० जिंकल्या, म्हणजे संपूर्ण देशात स्पष्ट बहुमत मिळवले. हरलेल्यांनी आणि लष्कराने सभेची बैठकच पुढे ढकलली आणि २५ मार्चच्या रात्री ढाक्यात रणगाडे उतरवले. तिथे निवडणूक जिंकलेले बाहेर पडले, कारण निकाल अमलात येण्याचा प्रत्येक मार्ग बंद केला गेला होता. साउथ कॅरोलायनाचा एकही मार्ग बंद झालेला नव्हता. दोन सभागृहे, न्यायालय, पुढची निवडणूक हे सारे शाबूत होते. फुटणे या एकाच नावाखाली या दोन घटना घालणे म्हणजे विचार करायला नकार देणे होय. १९०५ मध्ये नॉर्वे स्वीडनपासून वेगळा झाला तेव्हा सार्वमतात ३ लाख ६८ हजारांहून अधिक मते बाजूने पडली आणि विरोधात १८४. स्त्रियांना तेव्हा मत नव्हते, पण त्यांनी स्वतंत्रपणे लाखोंच्या संख्येने सह्या गोळा करून आपला कौल नोंदवला. युद्ध झाले नाही. कोणाचा तरी ताबा कोणाच्या तरी देहावर ठेवण्यासाठी ते वेगळे होत नव्हते.

आपल्या घटना समितीने हा धडा नीट वाचला होता. ४ नोव्हेंबर १९४८ च्या भाषणात डॉ. आंबेडकरांनी सांगितले की, भारताचा संघ हा राज्यांनी आपसांत केलेल्या करारातून जन्मलेला नाही, म्हणून कोणत्याही राज्याला त्यातून फुटण्याचा अधिकार नाही. हेच तत्त्व प्रस्थापित करायला अमेरिकनांना यादवी युद्ध करावे लागले. आपण ते सुरुवातीलाच स्पष्ट करून ठेवलेले बरे, असे मसुदा समितीला वाटले. या युक्तिवादाला धरून बोलणारे बरेच जण त्याचा अर्धाच भाग उचलतात. त्याच आंबेडकरांनी त्याच घटनेत प्रौढ मताधिकार, अस्पृश्यतेचे निर्मूलन आणि न्यायालयाकडून राबवून घेता येतील असे मूलभूत हक्क आणले. मौन पाळलेला प्रश्न नुसता उत्तर लिहून मिटत नाही. ज्यांना विचारले गेले नाही अशी माणसेच उरू नयेत, याची तजवीज त्यासोबत करावी लागते. अमेरिकेच्या मूळ घटनेत नेमकी तीच तजवीज नव्हती.

राज्यांच्या हक्कांची सबब इतकी रुजली कशी, हे अजून सांगायचे राहिले. ज्या स्टीफन्स यांनी फुटू नका म्हणून बजावले होते, तेच पुढे दक्षिणेचे उपाध्यक्ष झाले आणि २१ मार्च १८६१ रोजी सव्हाना येथे म्हणाले की, आपल्या नव्या सरकारची कोनशिला काळा माणूस गोऱ्याच्या बरोबरीचा नाही या सत्यावर बसवलेली आहे. युद्ध हरल्यावर याच स्टीफन्स यांनी दोन जाडजूड खंड लिहून वाद केवळ घटनेच्या अर्थाचा होता असे मांडले. डेव्हिस यांनीही पुढे तेच केले, आणि दोन पिढ्यांत तो पाठ्यपुस्तकांतला इतिहास झाला. त्याआधी जगाला मात्र याबाबत संशय नव्हता. पुण्यात जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केली, ती गुलामांच्या मुक्तीसाठी स्वार्थत्याग केलेल्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण करून. हजारो मैलांवरून त्यांना जे स्पष्ट दिसत होते, ते दक्षिणेच्या रिचमंड-चार्ल्सटनमध्ये दिसत नव्हते असे कसे मानावे? त्याच वर्षी स्टीफन्स पुन्हा काँग्रेसवर निवडून आले आणि जानेवारी १८७४ मध्ये, कृष्णवर्णीयांना सार्वजनिक ठिकाणी समान वागणूक देणाऱ्या नागरी हक्क विधेयकाला त्यांनी राज्यांच्या हक्कांच्या नावानेच विरोध केला. त्यांना उत्तर द्यायला उभे राहिले रॉबर्ट ब्राउन इलियट, साउथ कॅरोलायनाने निवडून दिलेले कृष्णवर्णीय प्रतिनिधी. बारा वर्षांपूर्वी गुलामगिरी ही आपल्या सरकारची कोनशिला आहे अशी घोषणा याच स्टीफन्स यांनी केली होती, याची त्यांनी सभागृहाला आठवण करून दिली. विधेयक पुढच्या वर्षी मंजूर झाले.